ओल्या वाळूचा तास

सिव्हिलच्या बहुतेक कॉलेजांत ‘इंडस्ट्री कनेक्ट’ म्हणजे वर्षातून एक साइट व्हिजिट. बस भरायची, हेल्मेट घालून ग्रुप फोटो काढायचा, इंजिनिअर साहेबांचं भाषण ऐकायचं आणि अहवालात साइटचं वर्णन लिहून मोकळं व्हायचं. मुलांना क्रेन दिसते, पण वर्गात शिकलेल्या सूत्राचं साइटवर काय होतं ते दिसत नाही. त्यापेक्षा एकच आकडा धरावा आणि वर्गापासून स्लॅबपर्यंत त्याचा पाठलाग करावा. काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवणाऱ्यांसाठी असा सर्वात सोयीचा आकडा म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर, म्हणजे पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन.

आयएस १०२६२:२०१९ या भारतीय मानकाप्रमाणे एम२५ चं, म्हणजे २८ दिवसांनी २५ मेगापास्कल ताकद हव्या असलेल्या काँक्रीटचं, मिक्स डिझाइन (कोणता माल किती घ्यायचा याचा हिशेब) फळ्यावर सगळेच करतात. प्रमाण विचलन (निकाल सरासरीच्या किती मागेपुढे होतात त्याचं माप) ४ धरलं की लक्ष्य ताकद २५ + १.६५ × ४ = ३१.६ मेगापास्कल. समजा एका घनमीटरला सिमेंट ३८० किलो, पाणी १९० लिटर, म्हणजे गुणोत्तर ०.५०, आणि वाळू ७०० किलो आली. बहुतेक ठिकाणी तास इथेच संपतो. पण ही वाळू ‘आतून भिजलेली, पृष्ठभाग कोरडा’ अशा अवस्थेतली आहे, आणि जुलैत कोल्हापूरच्या साइटवर असा ढीग कुठेही सापडणार नाही. आयएस १०२६२ मध्ये ओलाव्याची दुरुस्ती दिलेली आहे, पण परीक्षेत ती क्वचितच विचारतात, म्हणून शिकवतानाही घाईत उरकली जाते. खरा तास तिथूनच सुरू करावा.

साइटवर न्यायचं सामान थोडंच: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, कढई, छोटी गॅस शेगडी, काचेचा तुकडा. ढिगाच्या वरच्या थरातली वाळू घ्यायची नाही. ती उन्हाने सुकलेली किंवा पावसाने जास्त भिजलेली असते. तीन-चार ठिकाणी हातभर आतून वाळू काढून एकत्र करावी, त्यातली ५०० ग्रॅम कढईत घेऊन मंद आचेवर परतावी. वर धरलेल्या काचेवर वाफ धरेनाशी झाली की थांबावं आणि गार झाल्यावर वजन करावं. समजा ४७६ ग्रॅम भरलं. गेलेलं पाणी २४ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ५ टक्के. इथे हमखास होणारी चूक म्हणजे २४ ला ५०० ने भागणं.

त्या ५ टक्क्यांतलं वाळूने आत शोषलेलं पाणी सिमेंटच्या वाट्याला येत नाही. प्रयोगशाळेत शोषण १.५ टक्के आलं असेल तर मोकळं पाणी ३.५ टक्के. आता ७०० किलोऐवजी साधारण ७२४ किलो ओली वाळू घ्यायला हवी आणि मिक्सरमध्ये १९० ऐवजी १६६ लिटर पाणी सोडायला हवं. हे केलं नाही तर? ७०० किलो ओल्या वाळूतून सुमारे २३ लिटर पाणी न सांगता आत येतं, एकूण २१३ होतं आणि गुणोत्तर ०.५० वरून ०.५६ वर जातं. ३१.६ आणि २५ मधलं जे अंतर आपण ‘सुरक्षित’ म्हणून राखलं, त्याचा मोठा घास हे २३ लिटर घेतात. विचलनाचं सूत्र पाठ असलेल्या मुलाला ते सूत्र कशासाठी आहे ते या हिशेबात कळतं.

उन्हाळ्यात हिशेब उलटा होतो. आपल्याकडची खडी बेसाल्टची. तापून कोरडी ठणठणीत झालेली ११५० किलो खडी १.५ टक्के शोषणाने १७ लिटर पाणी पिऊन टाकते आणि मिक्सरमधून ठीक निघालेला माल ओतेपर्यंत घट्ट होतो.

छोट्या बांधकामावर वजनकाटा नसतोच. तिथे फर्मा, म्हणजे मापाची पेटी, चालतो: ३०० × ३०० × ३९० मिलिमीटरचा, ३५ लिटरचा, सिमेंटच्या एका गोणीच्या आकारमानाचा. आणि इथे वाळू फुगते. थोड्या ओल्या वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. चाचणी पाच मिनिटांची: सरळ भिंतींच्या भांड्यात ओली वाळू २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरा, मग ती काढून त्याच भांड्यात पाण्याखाली पुन्हा भरा आणि बसलेली उंची मोजा. १६० भरली तर फुगवटा २५ टक्के, म्हणजे फर्म्यात एकाऐवजी ०.८ च वाळू. वाळू कमी पडली की माल रखरखीत होतो, खडी वेगळी पडते, थापी फिरत नाही. मग मिस्त्री पाणी वाढवतो.

मिस्त्री अडाणीपणाने पाणी ओततो असं शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हा दुवा एकदा तपासावा. त्याच्या हाताला काँक्रीटमधली वाळूची कमतरता बरोबर कळलेली असते, फक्त तिच्यावर त्याच्याजवळ असलेला उपाय चुकीचा असतो. तोंडी परीक्षेत ‘मिस्त्रीने पाणी का वाढवलं?’ हा प्रश्न जरूर ठेवावा. ‘निष्काळजीपणा’ या उत्तराला गुण देऊ नयेत.

क्यूबच्या, म्हणजे ताकद मोजण्यासाठी भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, बाबतीत मुलांच्या हातून नेमक्या कुठे चुका होतात ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. नमुना मिक्सर रिकामा होत असताना मधल्या मालातून घ्यायचा. क्यूबसाठी ‘खास’ माल बाजूला काढून देण्याची प्रथा काही साइटवर असते, तो नको. १५० मिलिमीटरच्या साच्यात तीन थर, हाताने भरताना प्रत्येक थराला १६ मिलिमीटरच्या सळईचे ३५ ठोके. साचे रात्रभर उघड्यावर राहू द्यायचे नाहीत, वर ओलं गोणपाट हवं. मशीनमध्ये ठेवताना वरचा, थापीने सपाट केलेला पृष्ठभाग बाजूला यायला हवा. तोच दाबाखाली आला तर आकडा उगाच कमी येतो. भार मिनिटाला साधारण ३१५ किलोन्यूटनने वाढवावा. ऑपरेटरला घाई असली की तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि ताकद फुगून दिसते. तीन क्यूबपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त लांब गेला, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे तो नमुनाच बाद.

अडचण वेळापत्रकाची येते. क्यूब भरल्यापासून ताकद मोजेपर्यंत २८ दिवस लागतात. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं आणि शेवटचे दोन सबमिशनमध्ये जातात असं मानलं, तर नवव्या आठवड्यानंतर क्यूब भरण्यात अर्थ नाही. निकाल हाती येईतो मुलं परीक्षेच्या मूडमध्ये गेलेली असतात. ओलाव्याची चाचणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात घ्यावी आणि क्यूब लगेच पुढच्या स्लॅबला भरावेत.

गट सहा जणांचा पुरे. साठ मुलं एकदम नेली तर कंत्राटदार दुसऱ्यांदा दारात उभं करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. स्लॅब भरण्याच्या दिवशी त्याच्याकडे वीस माणसं रोजावर असतात. परवानगीच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: काम थांबवणार नाही, मजुरांचे फोटो विचारल्याशिवाय काढणार नाही, आणि निकाल आधी त्याला देऊ. निकाल कमी आला तर तो मुलांच्या अहवालात तसाच राहील, साइटचं नाव मात्र येणार नाही, हेही त्याच पत्रात असावं. ओलाव्याचा आकडा त्याला त्याच दिवशी सकाळी, काम सुरू होण्याआधी, मिक्सरमध्ये किती लिटर पाणी सोडायचं या भाषेत सांगावा.