ऐन पावसातले अनारसे

२०२३ सालचा अधिक महिना श्रावणात आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, त्यामुळे जावयाला जेवायला बोलवायचं आणि वाण द्यायचं हे ठरलेलंच होतं. वाण म्हणजे तीस-तीन अनारसे आणि वर तांब्याचा दिवा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणून दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक महिना जास्तीचा धरतात, तो हा. वाणाला पदार्थ जाळीदार हवा. अनारसे जमत नसतील तर बत्तासे किंवा म्हैसूरपाक देतात, तेही चालतं. हल्ली दुकानात अनारसे मिळतात, तयार पीठही मिळतं, आणि नोकरी सांभाळणाऱ्या मुलींनी ते खुशाल आणावं. मला मात्र घरचे द्यायचे होते. सासूबाई असेपर्यंत आमच्याकडे अनारसे विकतचे आले नव्हते आणि त्या गेल्यावर आमच्या घरात कुणी केलेच नव्हते.

शिकवायला कराडच्या मोठ्या जाऊबाई होत्या, फोनवर. मी पुण्यात, त्या तिकडे, गुडघ्यांमुळे प्रवास बंद. पहिल्याच फोनवर त्यांनी सांगितलं, "अगं, दिवाळीचे अनारसे कुणालाही जमतील. हवा कोरडी असते. पावसात करायचे म्हणजे ओलीकडे लक्ष ठेव, बाकी काही अवघड नाही." पुढे प्रत्येक टप्प्याला मला त्याचा प्रत्यय आला. अनारशात तळणं शेवटचं आणि त्यातल्या त्यात सोपं. खरं काम तांदळाची ओल, पिठाची ओल आणि गुळाची ओल जुळवण्याचं.

तांदूळ जुना घ्यायचा. नवा तांदूळ चिकट होतो आणि त्याचा अनारसा तुपात पसरत जातो. मी वाण्याकडून वर्षभर जुना जाडा तांदूळ आणला, एक किलो. तो धुऊन भरपूर पाण्यात भिजत घातला. तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. नुसतं वरचं पाणी ओतून नवं घालू नये, तांदूळ एकदा चोळून धुवावा. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला बुडबुडे येतात आणि आंबूस वास येतो. तो वास हवाच, आंबल्याशिवाय अनारशाला जाळी पडत नाही असं ताई सांगतात. पण आंबूस वेगळा आणि कुजका वेगळा. जुलैतल्या दमट उकाड्यात मी पाणी सकाळ-संध्याकाळ बदललं, त्यामुळे तांदूळ स्वच्छ राहिला. तिसऱ्या दिवशी दाणा दोन बोटांत दाबला की सहज चुरतो.

चौथ्या दिवशी तांदूळ रोळीत निथळायचा आणि पंच्यावर सावलीत पसरायचा. दिवाळीत हे काम तासाभरात होतं. जुलैत बाहेर धो धो पाऊस, घरात भिंतींनाही ओल, आणि पंचा कपाटातून काढला तोच दमट. पंख्याखाली पसरलेला तांदूळ दोन तासांनीही हाताला गच्च चिकटत होता. ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पंच्याला इस्त्री कर. गरम कोरडा पंचा अंथर, तांदूळ त्यावर घे. तो ओला झाला की दुसरा." घरातले सगळे सुती पंचे आणि एक जुनं धोतर मी इस्त्रीखालून काढलं. पंचा बदलला की तांदूळ तळव्याने हलकेच फिरवायचा, खालचा वर आणायचा. उन्हात नाही, ओव्हनमध्ये नाही, हेअर ड्रायरने तर मुळीच नाही. वरून कोरडा आणि आतून ओला असा दाणा सगळ्यात वाईट.

कधी थांबायचं, हे मला कुठल्याच लिहिलेल्या कृतीत नीट सापडलं नाही. तिथे वेळ दिलेली असते आणि वेळ हवेप्रमाणे बदलते. मी व्हिडिओ कॉल लावून ताईंना तांदूळ दाखवत होते. त्या म्हणाल्या, "मला दाखवू नकोस, डोळ्यांना ओल कळत नाही. हाताला काय लागतंय ते सांग." मग मी मूठभर तांदूळ घट्ट दाबला आणि सोडला. दाणे सुटे झाले, तळहाताला एकही चिकटला नाही, पण तळहात गार आणि किंचित दमट लागला. "हां, आता वाट," त्या म्हणाल्या. ही एक खूण पक्की धरली की निम्मं काम झालं.

दळण गिरणीवर न्यायचं नाही. गिरणीचं पीठ गरम होतं आणि ओला तांदूळ कुणी दळूनही देत नाही. मिक्सरमध्ये थोडा थोडा वाटायचा आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचा. चाळणीवर उरलेला रवा पुन्हा मिक्सरमध्ये. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई नको. एक जरी जाड कण राहिला तरी थापताना तिथेच चीर पडते. चाळलेल्या पिठाचीही परीक्षा मुठीनेच: दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढोसलं की फुटला पाहिजे. मुटका वळलाच नाही तर पीठ कोरडं, ते गूळ धरणार नाही. फुटला नाही तर फार ओलं, ते कागदावर पसरून थोडा वेळ पंख्याखाली ठेवावं.

आता गूळ. नेहमीचं प्रमाण एक वाटी पिठाला एक वाटी बारीक चिरलेला गूळ. चिक्कीचा गूळ नको, साधा मऊ गूळ हवा. पावसाळ्यात मात्र गूळ पाझरतो. ढेप फोडली तर आतून चिकट, सुरीला लगद्यासारखा लागणारा. ताईंनी मला पाऊण वाटीवर थांबवलं आणि वर बजावलं, "सगळं पीठ गुळात घालू नकोस. वाटीभर बाजूला काढून पंख्याखाली खडखडीत वाळव आणि डब्यात ठेव." हे राखीव पीठ पुढे फार उपयोगी पडलं. गूळ, पीठ आणि चमचाभर साजूक तूप परातीत एकत्र मळायचं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. सुरुवातीला मिश्रण भुसभुशीत दिसतं आणि याचा गोळा कसा होणार असं वाटतं. मळत राहिलं की पिठातली ओल गुळाला सुटी करते आणि बघता बघता गोळा जमतो.

दक्षिणेत याच पदार्थाचा आंध्रातला अरिसेलु आणि तमिळनाडूतला अधिरसम गुळाचा पाक करून त्यात पीठ घालून करतात. बिहारमध्ये गयेचा अनरसा प्रसिद्ध आहे, त्याला खसखशीऐवजी तीळ असतात. ओल्या तांदळाचं पीठ मात्र सगळीकडे तेच. आपल्याकडे पाक नाही म्हणून मुरायला वेळ द्यावा लागतो, आणि मला आपली रीत आवडते. पाकाची तार चुकायची धास्ती नाही.

गोळे स्टीलच्या डब्यात दाबून, घट्ट झाकण लावून चार-पाच दिवस मुरवायचे. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर गूळ तळाशी उतरलेला दिसतो. घाबरायचं नाही, सगळं परातीत काढून पुन्हा मळायचं आणि परत भरायचं. मुरलेल्या पिठाचा रंग एकसारखा तांबूस होतो आणि वास गोडसर आंबूस येतो.

तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा नमुन्याला घालायचा, सगळे थापून बसायचं नाही. माझा नमुना तुपात पडला आणि हसला. म्हणजे कडा सुटल्या, भोकं मोठी होत गेली आणि अख्खा अनारसा कढईभर विखुरला. ताई फोनवरच होत्या, त्यांना आवाजावरून कळलं. "पावसाचा गूळ आहे, हसणारच. राखीव पीठ घे." मूठभर कोरडं पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवलं आणि पुढचा घातला, तो सावरला. उलट तक्रार असेल, म्हणजे अनारसा कडक होत असेल आणि जाळी पडत नसेल, तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून किंवा दुधाचे चार थेंब घालून मळावं. दोन्ही उपाय ओलीचेच.

थापायला केळीच्या पानाचा तुकडा उत्तम. पानावर खसखस पसरायची, लिंबापेक्षा लहान गोळी त्यावर ठेवायची आणि बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे थापत न्यायची. कढई पसरट, तूप मध्यम तापलेलं. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून अलगद सोडायचा आणि आच मंद करायची. उलटायचा नाही, उलटला की खसखस सुटून तुपात जळते. झाऱ्याने कडेचं गरम तूप वर उडवत राहायचं. इथे मी दरवेळी वाकून बघत बसते. आधी मधोमध चार-पाच बारीक बुडबुडे येतात, ते फुटतात आणि तिथे भोक राहतं, मग त्याच्या भोवती आणखी, आणि मिनिटभरात खसखशीच्या मधून जाळी वर उमटते. कडा बदामी झाल्या आणि तुपाचा आवाज शांत झाला की झाऱ्यावर घेऊन आधी कढईच्या कडेला निथळायचा, मग चाळणीत उभा करून ठेवायचा. आडवा ठेवला तर तूप आतच राहतं. गरम असताना तो मऊ असतो, गार झाला की खुसखुशीत होतो. एका वेळी दोनाहून जास्त घालू नयेत.

किलोभर तांदळात वाणाचे तेहतीस सहज निघाले. घरच्यांना आणि शेजारी देऊनही पीठ उरलं. वाणाच्या ताटात मी सगळ्यात सुबक जाळीचे निवडून रचले. जावई मूळचे नागपूरचे, त्यांच्या आईंनी फोन करून कौतुक केलं आणि कृती मागून घेतली. लेकीने एक अनारसा दुधात कुस्करून खाल्ला, तिच्या आजीच्या हातचे ती तसेच खायची.

उरलेलं पीठ फ्रीजमध्ये ठेवलं आणि सप्टेंबरात गणपतीच्या प्रसादाला वापरलं. फ्रीजमधलं पीठ दगडासारखं घट्ट होतं, ते आदल्या रात्री बाहेर काढावं आणि तुपाचा हात लावून मळावं. महिना-दोन महिने ते उत्तम राहतं, चव उलट वाढते.

२०२६ चा अधिक महिना ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून. तेव्हा सगळं उलट होईल. तांदूळ पंच्यावर बघता बघता वाळेल, म्हणून पसरला की जागचं हलू नये, दर दहा मिनिटांनी मूठ दाबून बघावी. पंखा लावायची गरज पडेलच असं नाही. भिजवताना पाणी दिवसातून दोनदा बदलावंच लागेल, मे महिन्यात तांदूळ लवकर आंबतो. गूळ कोरडा असेल, तेव्हा पूर्ण वाटीचं प्रमाण धरावं. आणि राखीव पीठ तेव्हाही वाटीभर काढून ठेवावं.