ऑपरेशन झालेल्या बाईची दुसरी रेघ

ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती शेताच्या बांधावर. भाताची रोपं लावायचं काम चालू होतं, आमच्याकडं त्याला नट्टी म्हणतात. डोक्यावर प्लास्टिकचं खोळ, पाय पोटरीपर्यंत चिखलात. माझ्या मागं मागं येऊन हळूच म्हणाली, "आक्का, पाळी दोन दिवस पुढं गेलीय. सकाळी भाकरी भाजताना मळमळालंय."

मी म्हणाले, "अगं, तुझं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली की. नट्टीचा शीण हाय. रात्री लवकर झोप." एवढं बोलून मी पुढच्या घरी पोलिओच्या यादीसाठी निघून गेले.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव आहे. इथं मी 14 वर्षं आशा म्हणून काम करते. पाळी चुकलेल्या किती बायकांची टेस्ट या हातांनी केली त्याची मोजदाद नाही. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच होतं, नाव 'ऑपरेशन झालेल्या'च्या यादीत आहे म्हणजे तो विषय संपला. तिला दोन मुलं, धाकटं साडेचार वर्षांचं. त्याच्यानंतर मुलं बंद करायचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालेलं. त्या कॅम्पला तिला मीच घेऊन गेले होते.

त्यानंतर बारा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, तिचा नवरा पावसात पळत आला. "आक्का, हिला चक्कर आली. न्हाणीत पडली."

घरात अंधार होता, लाईट सकाळपासून गेलेली. ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेतलेले. कपाळावर घाम होता आणि हात गार. सासू म्हणाली, "पाळी आलीय तिला, चार दिवस थोडं थोडं डाग पडालेत. पोट दुखणारच की." मी विचारलं, दुखतंय कुठं? तिनं ओटीपोटात उजव्या बाजूला बोट ठेवलं. मग तोच हात उजव्या खांद्याच्या टोकाला नेला. "हितं पण दुखालंय आक्का. सकाळपासून. नट्टीनं आखडलंय काय की."

त्या खांद्याच्या दुखण्यानं माझ्या पोटात गोळा आला. ट्रेनिंगमध्ये नर्सबाईंनी सांगितलेलं एक वाक्य माझ्या वहीत आहे: पाळी चुकलेली, एका बाजूला पोटात कळ, चक्कर आणि खांद्याचं टोक दुखतंय, तर पोटात रक्तस्राव होतोय असं समजा. पोटात साठलेलं रक्त वरच्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यावर जाणवतं. खांद्याला काहीच झालेलं नसतं.

मी तिच्या नवऱ्याला आधी 108 ला फोन लावायला सांगितला. पलीकडून कन्नडमध्ये विचारत होते, तो अडखळला, म्हणून फोन मी घेतला. गाडी यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मी बॅगेतलं निश्चय किट काढलं, लघवीवरून दिवस गेलेत का ते बघायचं. सासू माझ्याकडं बघतच राहिली. "अगं, तिचं ऑपरेशन झालंय!" मी म्हटलं, काकू, पाच मिनिटांचं काम आहे, करून घेऊ.

तिला दोघींनी धरून न्हाणीत नेलं. वाटीत थोडी लघवी घेतली, ड्रॉपरनं दोन-तीन थेंब पट्टीच्या खाचेत टाकले आणि मोबाईलची बॅटरी लावून मी पट्टीवर डोळे लावून बसले. आधी 'सी'पुढची रेघ आली, गडद गुलाबी. ती आली नसती तर किटच खराब म्हणायचं. 'टी'पुढं काहीच नव्हतं. मग तीन-साडेतीन मिनिटांनी गुलाबी छटेची एक रेघ उमटली. फिकी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. फिकी असली तरी ती रेघच असते, म्हणजे दिवस गेलेले.

तेव्हा ती रडायला लागली आणि म्हणाली, "आक्का, माझी पण एकदा आलती." मग सगळं कळलं. मी बांधावरून गेले त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याकडून खानापूरच्या मेडिकलमधून किट मागवलं होतं. दिवसभर शेतात ताक-पाणी पिऊन आलेली, आणि आल्या आल्या टेस्ट केली. एकच रेघ. तिनं पट्टी कागदात गुंडाळून डाळीच्या डब्यामागं ठेवली. दुसऱ्या दिवशी फेकायला काढली तर दुसरी रेघ दिसली. नवरा म्हणाला, किटचं काही खरं नसतं, ऑपरेशन झालंय. मग डाग पडायला लागले, तेव्हा दोघांनाही वाटलं, आली पाळी.

यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. टेस्ट करायची कशी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गर्भ रुजल्यावरच बाईच्या अंगात एचसीजी नावाचं हार्मोन तयार व्हायला लागतं, आणि किट लघवीत तेवढंच शोधतं. दर मिलीलिटरला साधारण 25 मिलीयुनिट झालं की बहुतेक पट्ट्यांना ते सापडतं. सुरुवातीला ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, म्हणून आज न दिसलेली रेघ तीन-चार दिवसांनी दिसू शकते. संध्याकाळी, भरपूर पाणी पिऊन झाल्यावर लघवी पातळ असते, त्यात ते आणखी कमी सापडतं. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत सकाळची पहिली लघवी घ्यायची. गर्भ पिशवीत न रुजता बीजनळीत अडकला तर हे हार्मोन बऱ्याचदा रेंगाळतच वाढतं. डब्यावर 99 टक्के लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण ते पाळीची तारीख उलटल्यावर आणि सांगितल्याप्रमाणं केलेल्या टेस्टबद्दल आहे.

आणि ती दुसऱ्या दिवशी दिसलेली रेघ? ती धरायची नसते. पट्टी वाळताना राखाडी, रंग नसलेली रेघ उमटू शकते, म्हणून निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचायचा, बहुतेक ठिकाणी पाच मिनिटं. तिची ती रेघ खरी होती का वाळल्याची होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण पाळी आली नव्हती आणि मळमळ थांबली नव्हती, तर तीन-चार दिवसांनी परत टेस्ट करायलाच हवी होती. हे तिला सांगायला गावात एकच बाई होती, आणि ती बांधावरून निघून गेली होती.

आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना फोन केला. त्यांनी एका दमात सांगितलं, इकडं आणू नकोस, सरळ बेळगाव. खायला-प्यायला काही देऊ नको, आडवी ठेव, पाय उंच कर. गाडीत मी तिचा हात धरून बसले. पावसानं रस्ता दिसत नव्हता. किणये गेलं, पिरनवाडी आली, तिचे डोळे मिटायला लागले की मी मुलांची नावं घेऊन तिला बोलतं ठेवायची.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "मुट्टु यावाग आगित्तु?" पाळी कधी आली होती? नवरा म्हणाला, चार दिवसांपूर्वी. मी मध्येच बोलले, नाही मॅडम, ते डाग आहेत. खरी पाळी दीड महिन्यापूर्वीची, ऑपरेशन झालेलं आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आहे. पट्टी मी पिशवीतून आणली होती, ती दाखवली. त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि लगेच सोनोग्राफीला घेतलं. गर्भपिशवी रिकामी होती आणि पोटात रक्त. उजवी नळी फुटली होती. संमतीचा कागद कन्नडमध्ये होता, मी नवऱ्याला ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली, मग त्यानं सही केली. रात्री ऑपरेशन झालं, नळी काढली, दोन बाटल्या रक्त चढवलं. पहाटे तिला शुद्ध आली तेव्हा पहिलं विचारलं, "पोरं जेवली काय?"

मी नंतर डॉक्टरबाईंना विचारलं, ऑपरेशननंतर असं कसं होतं? त्या म्हणाल्या, नळी बांधल्यावर दिवस जाणं क्वचित होतं, पण गेलेच तर गर्भ नळीतच अडकायचा धोका जास्त असतो. हे मी कॅम्पला नेताना कुणालाच सांगत नव्हते. "आता काळजी नाही" एवढंच सांगायची.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी ती परत माझ्या दारात. हातात किट, चेहरा पांढराफटक. "आक्का, परत दोन रेघा." तिला आत बसवलं, चहा दिला. समजावलं की गर्भ गेला तरी हे हार्मोन अंगातून उतरायला काही आठवडे लागतात, तोवर किट हो म्हणणारच. म्हणून तर डॉक्टरांनी रक्ताची तपासणी परत करायला सांगितलीय, ते आकडे उतरताहेत का तेच बघायचं. त्याच आठवड्यात आम्ही दोघी बेळगावला जाऊन तिचं रक्त तपासायला देऊन आलो. आकडा उतरला होता. ऑपरेशन फेल गेल्याच्या भरपाईचा अर्जही नर्सबाईंनी मुदतीत भरून घेतला.

माझ्याकडं गावातल्या जोडप्यांची एक वही असते. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्या नावापुढं मी एक शेरा मारायची, आणि पाळीच्या तारखेचा रकाना कोरा सोडायची. श्रावण लागला तेव्हा पुन्हा घराघरांत गेले. पहिलं घर तिचंच. दारात बसून ती शेंगा फोडत होती. मी वही उघडली आणि विचारलं, पाळी कधी आलती? तिनं बोटांवर मोजून तारीख सांगितली. मी ती लिहिली आणि पुढच्या घरी गेले, तिथल्या बाईचंही ऑपरेशन झालेलं आहे.