बुधवारची गोळी

आमच्या मेडिकलमध्ये सध्या दिंडोरीकडचा एक मुलगा ट्रेनिंगला आहे. डी. फार्म.ची दोन वर्षं झाली, आता 500 तासांचं प्रॅक्टिकल. पोरगा हुशार. पहिल्याच दिवशी मी विचारलं, मेथोट्रेक्सेट कशासाठी देतात?

"कॅन्सर, सोरायसिस, संधिवात," घडाघडा म्हणाला.

"संधिवाताला कधी घ्यायची?"

"जेवणानंतर, मॅडम."

तेवढंच. मी त्याला हसले नाही. हसायचा हक्क मी केव्हाच घालवलाय.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. पंचवटीतल्या एक काकू, बोटांची पेरं सुजलेली, हातात नव्या डॉक्टरांची चिठ्ठी. संध्याकाळी साडेसातची गर्दी. मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम. मी तिन्ही पाकिटांवर पेनाने लिहिलं, 'सकाळी 1'. चिठ्ठीत 'आठवड्यातून एकदा' असं इंग्रजीत स्पष्ट होतं. मी ते वाचलंही होतं बहुतेक, पण हात आपल्या सवयीने चालला.

नवव्या दिवशी काकू परत आल्या. "तोंड आलंय गं, काही गिळवत नाही. लावायचं जेल दे." जेल काढायला वळले आणि तिथेच थांबले. काकू, ती छोटी गोळी कशी घेताय? "रोज. तूच तर लिहून दिलंस." पिशवीतून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. अक्षर माझंच.

त्याच रात्री अ‍ॅडमिट केलं. पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं दिली, काकू बऱ्या झाल्या. त्यांच्या मुलाला मी सगळं खरं सांगितलं, तो जे बोलला ते ऐकून घेतलं. काकू अजून माझ्याकडूनच औषधं नेतात. का, ते मी विचारलेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे ही गोळी एका वेळी चारच मिळते, महिन्याच्या हिशेबाने. गोळ्यांची पट्टी कापून ठेवावी लागते, उरलेल्याचा हिशेब ठेवताना वैताग येतो, पण चारच. पाकिटावर मार्करने मराठीत वार लिहायचा, 'फक्त बुधवारी'. डॉक्टरांनी वार ठरवून दिला नसेल तर फोन करून विचारायचा. आमच्या भागातल्या बायकांना बुधवार बरा पडतो, त्या दिवशी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बाजार भरतो, विसरायला होत नाही. फॉलिक अ‍ॅसिडला वेगळं पाकीट, वेगळा वार.

ट्रेनिंगच्या मुलाला मी एक गोष्ट बजावून सांगितलीय: "समजलं का?" असं विचारायचं नाही. त्याला सगळे 'हो'च म्हणतात. "घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?" असं विचार. मग कळतं कुणाला काय समजलंय ते. दम्याची कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढायची असते, ती पाण्याबरोबर गिळणारे एक आजोबा असेच सापडले. महिनाभर गिळत होते, आणि वर 'गुण येत नाही' म्हणून डॉक्टरांना नावं ठेवत होते.

इन्सुलिनवर मात्र आम्ही तीन दुपारी घालवल्या. त्याला सगळे प्रकार पाठ, कुठलं किती मिनिटांत काम सुरू करतं तेही. सिरिंजच्या टोपीचा रंग मात्र कधी पाहिलेला नाही. आपल्याकडच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीला 40 युनिट असतात, तिला लाल टोपीची सिरिंज. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या काडतुसात 100, आणि 100ची सिरिंज नारिंगी टोपीची. मी जुन्या बिलामागे त्याला गणित घालायला लावलं. 40ची बाटली, नारिंगी सिरिंज, 20च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात किती गेलं? "आठ." आणि पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातलं लाल सिरिंजने 20पर्यंत ओढलं तर? त्याने दोनदा मांडलं. "पन्नास," म्हणाला, आणि पेन खाली ठेवलं.

त्याच्या गावाकडे लाईट जाते, म्हणून ओल्या मडक्यात इन्सुलिन ठेवायची पद्धतही दाखवली. बर्फाच्या कप्प्यात नाही, हे शंभरदा सांगावं लागतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच.

श्रावणही शिकवावा लागतो. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारे आमचे कितीतरी गिऱ्हाईक शुगरच्या गोळ्या घेणारे. उपास धरायचा, गोळी मात्र रोजचीच घ्यायची, आणि डोंगराभोवती रात्रभर चालायचं. "गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारलंत का? खिशात साखर ठेवलीत का?" हे प्रश्न आषाढातच विचारून ठेवायचे. पुस्तकात हायपोग्लायसेमियाचं, म्हणजे रक्तातली साखर फार उतरण्याचं, पान आहे, श्रावणाचं नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेचा एक रुपया बिलात चढत नाही. मागे रांगेत उभा असलेला माणूस घड्याळ बघतो, ऑनलाइन वीस टक्के सूट मिळते हे मोठ्याने बोलतो. काही जण खरंच निघून जातात. मलाही राग येतो, खोटं कशाला सांगू.

परवा मुलगा एका आजोबांना तोच प्रश्न विचारत होता. आजोबा वैतागले. "सून पुण्याला असते. तिला काय सांगू?"

मुलगा क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "मग मला सांगा."