एकोणीस कोरे

शनिवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाही. माई दोनदा विचारून गेली, पित्त झालंय का. हो म्हटलं. तेवढंच सोपं.

आज क्लासच्या मुलांबरोबर मीही मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला बसलो. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीसारखाच पेपर, गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी दोन मार्क. खरी परीक्षा २०१९पासून कॉम्प्युटरवर गेली, आमच्याकडे अजून कागदावर गोळेच रंगवतात. पुढच्या खोलीत वीस मशीन ठेवली तर माणसं कुठे बसवू? घड्याळ लावलं, सगळ्यांच्या मधे सतरंजीवर बसलो. हौस माझीच.

३१ सोडवले. २९ बरोबर. अठ्ठावन्न.

कोपऱ्यातला तो, ज्याला परवापर्यंत क्रॉस प्रॉडक्टची दिशा सांगता येत नव्हती, शहात्तर.

त्याचं मला काही वाटलं नाही. (वाटलं. पण ते नंतर.) पेपर तपासायला अदलाबदल केली, माझा त्याच्याकडे गेला. शेवटी परत देताना तो अगदी साधेपणाने म्हणाला, “सर, निगेटिव्ह नाही ना? मग एकोणीस कोरे का सोडले?”

चेष्टा करत नव्हता. खरंच विचारत होता. मी फोन आल्यासारखं करून आत गेलो.

का सोडले?

वेळ संपली हे उत्तर खरं नाही. शेवटची दोन मिनिटं होती तेव्हा मी दोन स्क्यू रेषांमधलं, म्हणजे समांतरही नसलेल्या आणि छेदतही नसलेल्या रेषांमधलं, अंतर काढत होतो. त्या एका प्रश्नावर सात मिनिटं घातली. वाट्याला प्रत्येकी येतात एकशेआठ सेकंद, म्हणजे जवळजवळ चार प्रश्नांचा वेळ मी दोन मार्कांना विकला, आणि वजाचं चिन्ह चुकवून तेही घालवले. दरवर्षी एप्रिलमध्ये ओरडून सांगणारा मीच. पहिल्या फेरीत दिसताक्षणी सुटणारे, लांबलचक वाटलं की खूण करून पुढे, दुसऱ्या फेरीत खुणेचे, शेवटची दोन मिनिटं फक्त गोळ्यांसाठी. एकही गोळा कोरा ठेवायचा नाही.

जेईईची सवय म्हणावी, तिथे चुकलं की एक वजा. पण बरोबरला चार आहेत. चारातला एक डोळे मिटून मारला तरी सरासरीने पाव मार्क आपल्याच पदरात. हे मी प्रोबॅबिलिटीच्या पहिल्या तासाला शिकवतो. आणि इथे तर वजा काहीच नाही. एकोणिसांचे साडेनऊ मार्क नुसते पडलेले होते, उचलायचे फक्त.

नाही उचलले. हात गेलाच नाही.

नंतर त्याचा कागद बघितला. एक इंटिग्रल, शून्य ते पाय बाय टू, वर रूट साइन, खाली रूट साइन अधिक रूट कॉस. मी एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातला, दोन्ही इंटिग्रल मिळवले, टू आय लिहिलं, सुंदर सुटलं. त्याने लिहिलं होतं: वरची मर्यादा वजा खालची, भागिले दोन. पाय बाय फोर. दहा सेकंद असतील. पुढच्याच पानावर मर्यादा पाय बाय फोरपर्यंत होती, तिथे साइनचा कॉस होत नाही, तरी त्याने तीच युक्ती ठोकली आणि चुकला. चुकला तर चुकला, त्याचं काय गेलं? डिफरन्शियल इक्वेशन त्याने सोडवलंच नाही, चारही पर्याय डिफरन्शिएट करून बघितले. ट्रिगोनोमेट्रीत थीटाला तीस घातले. शून्य का नाही, तर शून्याला दोन-तीन पर्यायांची उत्तरं सारखीच निघतात. हे त्याला कोणी शिकवलं?

मीच. वैतागून, तास संपता संपता, “आणि अगदीच नाही जमलं तर” असं म्हणून.

आम्हाला उत्तर बरोबर आणि रीत नाही, तर भोपळा मिळायचा. अण्णा वही परत फेकायचे. बोर्डात अजून पायरीला मार्क आहेत, पण सीईटीत रीत बघायला कोणी नाही. माझ्या कच्च्या कागदावरची ती देखणी ओळ न् ओळ रद्दीत जाणार. तीस वर्षं मी जे विकतोय त्याला या पेपरात गिऱ्हाईकच नाही. दादा म्हणाला होता तेव्हाच बँकेत...

जाऊ दे.

पण एकोणीस कोरे. त्याला खरं उत्तर द्यायचं झालं तर काय देऊ? की माझ्या हातचा चुकीचा गोळा तुम्हा पोरांना दिसू नये म्हणून? चुकलेलं दिसण्यापेक्षा राहून गेलेलं दिसलेलं बरं? वेळ मिळाला असता तर सरांना आलंच असतं, असं पोरांनी म्हणावं? हे त्याला कसं सांगणार? त्याला अजून मिशी नाही.

एवढं लिहिलं आणि हसू आलं. उठून खाली गेलो, पेपर काढला आणि एकोणीसच्या एकोणीस प्रश्नांना ‘ब’ ठोकला. न वाचता. पहिले तीन भरताना हात अवघडला, मग मजा यायला लागली. उत्तरं ताडून पाहिली. चार बरोबर. आठ मार्क, सहासष्ट.

त्याच्याहून अजून दहा कमीच.

उरलेल्या पंधरांपैकी एक वाचला. अकरावीतला, ५० मध्ये अकरावीचे दहाच असतात त्यातला. अर्ध्या मिनिटाचा होता. स्क्यू रेषांच्या लगेच पुढचा.

रजिस्टरात माझ्या नावापुढे सहासष्ट लिहिलेत. पेन्सिलीने. सोमवारी तो बघेल आणि विचारेल, कारण तो विचारतोच.

माई परत आली. म्हणाली, पित्तावर एवढं हसतात का.