दानीएलाची चार राज्ये आणि उपकारस्तुती : माझा अनुभव

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात वेगवेगळ्या धातूंचा पुतळा पाहतो आणि दानीएल त्याचा अर्थ एकामागून एक येणारी चार राज्ये असा सांगतो. या अध्यायाचा अभ्यास मी पुतळ्यापासून नव्हे, २० ते २३ या चार वचनांपासून सुरू केला. रात्री स्वप्नाचे रहस्य उलगडले, तरी दानीएल लगेच राजाच्या पहारेकऱ्यांचा सरदार अर्योक याच्याकडे गेला नाही. आधी त्याने देवाचे उपकार मानले, म्हणजेच उपकारस्तुती केली. राजाने अजून काहीच ऐकले नव्हते आणि स्वप्न सांगू न शकलेल्या ज्ञानी लोकांना मारून टाकण्याचा हुकूम कायम होता. म्हणजे ही स्तुती सुटका झाल्यानंतरची नाही. आपले डोळे सोन्याच्या डोक्याकडे लागलेले असतात, त्यामुळे हा भाग आपण भरभर वाचून पुढे जातो. अर्थ लावण्यातली बरीच गडबड तिथूनच सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

ही वचने हाताने उतरवून काढावीत. २२व्या वचनापर्यंत देवाविषयी 'तो' असे बोलणे आहे, २३व्यात एकदम 'तू' येते. त्याच वचनात 'मला' आणि 'आम्ही' हे दोन्ही आहेत : दिलेस मला, पण मागितले आम्ही. हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या या सोबत्यांनाही त्याने प्रार्थनेला लावले होते, त्याची ही आठवण. मी हाच क्रम धरतो. आधी देवाचे ज्ञान व बळ, मग काळ बदलणारा आणि राजांना काढणारा-बसवणारा म्हणून त्याची स्तुती, मग त्या दिवशी जे समजले त्याबद्दल आभार, आणि शेवटी ज्यांच्यासोबत मागितले त्यांची नावे. पाच-सात मिनिटे पुरतात.

त्यानंतर वही. पान आडवे धरून तीन रकाने आखले : दुसऱ्या अध्यायातले पुतळ्याचे धातू, सातव्यात दानीएलाला दृष्टान्तात दिसलेले चार पशू, आठव्यातल्या दृष्टान्तातले मेंढा व बकरा. नियम एकच : वचनात ज्याचे नाव आहे ते शाईने, बाकी पेन्सिलीने. शाईने फक्त तीन नावे आली. सोन्याचे डोके म्हणजे नबुखद्नेस्सर (२:३८), दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेदय व पारसाचे राजे (८:२०), बकरा म्हणजे ग्रीसचा राजा (८:२१). समासात सने : बाबेल पडले इ.स.पू. ५३९मध्ये, अलेक्झांडरने पारसाला हरवले ती गौगामेलाची लढाई ३३१मध्ये, अलेक्झांडरचा मृत्यू ३२३मध्ये. बकऱ्याचे मोठे शिंग मोडून चार शिंगे उगवतात, ती अलेक्झांडरच्या सेनापतींनी वाटून घेतलेली राज्ये.

लोखंडाचे चौथे राज्य मात्र पेन्सिलीतच राहते. ख्रिस्ती मंडळीतले जुने टीकाकार बहुधा रोम म्हणतात. दुसरे मत मेदय आणि पारस वेगळे मोजते, त्यामुळे ग्रीस चौथे ठरते आणि सातव्या अध्यायातल्या चौथ्या पशूचे लहान शिंग म्हणजे ग्रीक राजा अँटिओकस एपिफानेस. आठव्या अध्यायात मेदय-पारस एकाच मेंढ्यात बसवले आहेत, म्हणून मी रोमकडे झुकतो. पण शाईने लिहीत नाही.

सगळ्यात जास्त चूक पायांपाशी होते. दुसऱ्या अध्यायात बोटांचा उल्लेख आहे, त्यांची संख्या दिलेली नाही. 'दहा' हा आकडा सातव्या अध्यायातल्या शिंगांचा. तो बोटांना चिकटवला, की आजचे दहा देश शोधणे सुरू होते आणि बातम्या बदलल्या, की यादीही बदलावी लागते. मग आभार मानायचे ते आपल्या अंदाजाचे, देवाचे नव्हेत.

सातव्या अध्यायानंतर उपकारस्तुती सहज येत नाही, हे आधीच माहीत असावे. तिथे खुद्द दानीएलाचा चेहरा उतरला आहे. आठव्याच्या शेवटी तो काही दिवस आजारी पडतो आणि मग उठून राजाच्या कामाला लागतो. नवव्यात यरुशलेम ओसाड राहण्याची यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली ७० वर्षे वाचून तो पापांची कबुली देतो. अशा दिवशी ओढूनताणून आभार मानू नयेत. मी ७:१३-१४ मोठ्याने वाचतो : मानवपुत्रासारख्या एकाला दिलेले, कधीही नष्ट न होणारे राज्य. त्याबद्दल मात्र आभार मानता येतात, चौथ्या पशूचे नाव सापडलेले नसतानाही.

१ तीमथ्य २:१-२ मी याच वहीत शेवटी उतरवले आहे. राजांकरता उपकारस्तुती करा, असे पौल लिहितो तेव्हा गादीवर रोमचा सम्राट होता. म्हणून वहीतल्या चौथ्या राज्याच्या ओळीशेजारी मी आजच्या राज्यकर्त्यांची नावे लिहितो, तीही पेन्सिलीने, आणि प्रार्थनेत ती घेतो.