होडीला पाणी

ग्वाल्हेरच्या बाड्यावर, म्हणजे भर बाजारात, जायचं तर मला स्वर्णरेखा ओलांडावी लागते. नदी हे नाव तिला नकाशापुरतंच उरलंय, पूल ओलांडताना नाकाला रुमाल लागतो. गावात बैजाताल आहे. पलीकडे लांब तिघऱ्याचं धरण आहे, पण त्याची चौकशी आम्ही नळ उद्या येणार की परवा एवढ्याच कारणासाठी करतो. समुद्र तर आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी मुंबईला कुणाच्या तरी लग्नाला गेल्यावर पाहिला. अशा ग्वाल्हेरात लाकडी होडीचं वेड बाळगणं म्हणजे माळकऱ्याच्या घरात मासे पकडायचा गळ जपून ठेवण्यासारखं आहे.

कुणी हसलं की मी त्याला 5 एप्रिल सांगतो. त्या दिवशी देशभर राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, कारण 1919 साली याच तारखेला ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. ती हिंदी मालकांच्या कंपनीची बोट होती. मालक वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे, पण कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन! नावात आमचे शिंदे आले ते बोट मूळ त्यांची होती म्हणून. कॅनडाच्या एका कंपनीसाठी 1891 साली बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ माधवराव महाराजांनी पहिल्या महायुद्धात विकत घेतली, हिंदी सैनिकांसाठी तिचं तरंगतं इस्पितळ केलं आणि नाव बदलून ‘लॉयल्टी’ ठेवलं. म्हणजे देशाच्या आधुनिक जहाजधंद्याला नाव दिलं ते समुद्र नसलेल्या गावानं. बोट पोलादी होती, लाकडी नव्हती, हे मी सांगत नाही. वाद जिंकायचा असेल तर सगळंच कशाला सांगायचं?

आमची मात्र लाकडीच आहे. बारा फुटांची, दोन वल्ह्यांची. माझ्या एका वर्गमित्राचा जिवाजीगंजातला वाडा विकायला निघाला, तेव्हा बग्गीखान्यात ती पालथी सापडली. तिच्या पोटाखाली फुटका पाळणा आणि दोन चारपाया होत्या, पाठीवर कांदे पसरलेले. ग्वाल्हेरात जुना चमचासुद्धा महाराजांच्या वेळचा असतो, तेव्हा ही होडी शिवपुरीच्या सख्यासागरातली, राजघराण्यातली, हे ओघानं आलंच. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्याची राजधानी, तलाव 1918 चा, त्यात मगरी आहेत, इथपर्यंत सगळं खरं. एका नातलगानं फळीवर मगरीच्या दाताची खूणही दाखवली. ती कुदळीची होती.

होडी मित्राला फुकट मिळाली आणि त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती म्हणून माझ्या अंगणात आली. पाठोपाठ माणसंही जमली. मित्र, मी, एक दातांचे डॉक्टर आणि हार्मोनियम दुरुस्त करणारे एक गृहस्थ. आमच्या मंडळाला नाव नाही, वर्गणीही नाही. रविवारी सकाळी पोहे खाऊन कामाला लागायचं आणि अकराच्या उन्हाला उठायचं, एवढाच नियम. यातल्या कुणालाही नीट पोहता येत नाही हे पहिल्या महिन्यात लक्षात आलं होतं, पण तो विषय कुणी परत काढला नाही.

या होडीच्या फळ्या कडेला कड लावून बसवलेल्या नाहीत. कवेलूंचं छप्पर असतं तशी वरची फळी खालच्या फळीवर बोटभर चढवलेली, आणि दोन्हींमधून तांब्याचा खिळा आरपार. आतल्या बाजूनं खिळ्यावर तांब्याचीच चकती बसवून टोक ठोकून चपटं केलेलं. असे शेकडो खिळे. लोखंडाचा खिळा ओल्या लाकडात गंजतो आणि भोवतालचं लाकूडही काळं करून खातो, म्हणून तांबं. सैल झालेले खिळे बदलायचे तर एकानं बाहेरून डोक्याला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं आतून ठोकायचं. हे एकट्याचं कामच नाही. मला वाटतं, जगात जिथे जिथे जुन्या होड्या दुरुस्त होतात तिथे तिथे मंडळं निघतात, त्याचं अर्धं कारण हा खिळा असावा. इंग्लंडात तर 1940 साली फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक आणायला गेलेल्या छोट्या बोटी लोकांनी अजून सांभाळल्यात. त्यांची 1966 पासून संघटना आहे आणि दर पाच वर्षांनी बोटी पुन्हा डंकर्कला जातात. आमचे ठोकळा धरणारे आणि ठोकणारे यांच्यात दर रविवारी एकदा अबोला होतो. तिकडे काय होतं कोण जाणे.

रंग काढायला सहा रविवार गेले. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा हिरवा. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून डॉक्टर कोरडं घासू देत नसत. आधी ओलं करायचं, मग खरवडायचं आणि तोंडाला मास्क. फळ्यांच्या जोडातला रंग ते आपल्या दवाखान्यातल्या जुन्या आकड्यांनी काढत. वाकून, चष्मा कपाळावर, एका हातात बॅटरी. एकदा ऐन रंगात येऊन ते होडीला म्हणाले, “आता थुंका.”

मिस्त्री आणला तो फर्निचरचा. पस्तीस वर्षं कपाटं आणि दारं केलेला माणूस. आल्या आल्या त्यानं गुण्या काढला, एका कोपऱ्याला लावला, दुसऱ्याला लावला, मग होडीभोवती एक फेरी मारली आणि गुण्या पिशवीत परत ठेवला. “साहब, इसमें सीधा तो कुछ है ही नहीं.” तो जाणार असं वाटलं, पण पायरीवर बसून त्यानं बिडी पेटवली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला.

आतल्या बाकदार फासळ्यांपैकी सात मोडल्या होत्या. सागवान काही तेवढं वाकेना. तेव्हा हार्मोनियमवाले म्हणाले, हॉकीची काठी कशाची असते? तुतीची, आणि वाफेवर वाकवलेली! हॉकीपटू कॅप्टन रूपसिंहांच्या गावात हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. तुतीच्या पट्ट्या आणल्या. पत्र्याची लांब पेटी केली आणि दोन कुकरच्या शिट्ट्या काढून त्यांना नळ्या जोडून पेटीत वाफ सोडली. कुकर कुणाचे ते सांगायला नको. इंचभर जाडीला तासभर वाफ असा हिशेब असतो. आमच्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या, म्हणून अर्धा तास. बाहेर काढल्यावर वीस-तीस मोजेपर्यंत लाकूड ताज्या चिक्कीसारखं असतं, मग हट्टाला पेटतं. पहिली पट्टी काडकन मोडली. दुसरीला मिस्त्रीनं हातमोजे घालून गुडघा लावला आणि ती होडीच्या पोटात अशी बसली की जणू तिथेच वाढली होती. त्या दिवशी कुणी भांडलं नाही.

मग मे आला. ग्वाल्हेरचा मे ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळत नाही. पंचेचाळीस डिग्री, वर लू. होडीच्या फळ्या आक्रसल्या आणि जोडांमधून ऊन पलीकडे दिसायला लागलं. एका फटीत तर एक रुपयाचं नाणं उभं राहिलं. इथे मी शहाणपणा केला. चूक माझीच, मंडळाचा त्यात दोष नाही. बाजारातून दगडासारखी घट्ट होणारी लांबी, म्हणजे पुट्टी, आणली आणि तीन दुपारी कूलरसमोर बसून एका बाजूच्या सगळ्या फटी बुजवल्या. दिसायला इतकं सुबक झालं की मी फोटो काढून साडूंच्या थोरल्या भावाला, तात्यांना, पाठवला. ते रत्नागिरीजवळचे, घरात पूर्वी गलबतं होती.

तात्यांचा लगेच फोन आला. “नाळेला तडा आहे का?” आमच्या मराठीत नाळ बाळाची. होडीचं नाक म्हणजे नाळ हे मला तेव्हा कळलं. आमच्या भाषेत हौद आहे, बावडी आहे, सुरई आहे, पण होडीला आम्ही पुढचं टोक आणि मागचं टोक म्हणून वेळ मारून नेत होतो. तडा नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “मग फटीत ते पांढरं काय भरलंत?” मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही.

“अहो, श्रावणात दार लागत नाही तेव्हा काय होतं?”

“फुगतं.”

“मग ही काय पत्र्याची आहे? पाण्यात गेली की फळ्या रुंदीत फुगणार, जागा मागणार. ती जागा तुम्ही दगडानं भरून ठेवलीत. मग फळी तरी फुटेल नाही तर खिळा तरी सुटेल. काढा ते सगळं. तिला काही झालेलं नाही, तहान लागलीय. पाणी पाजा.”

काढायला पाच रविवार लागले. डॉक्टरांचे दोन आकडे मोडले.

आणि मग पाणी. इथे नळ दिवसाआड. टाकीत असतं ते घराला पुरवायचं, त्यात होडीला! हिनं कंबरेवर हात ठेवून विचारलं, “होडी पाण्यात ठेवतात हे ऐकलं होतं. पाणी होडीत ठेवायचं?” मी तिला मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’ची गोष्ट सांगितली. मलबारी सागवानाची ती लढाऊ बोट 1817 साली पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. दोनशे वर्षं. ही म्हणाली, “तिथे नळ रोज येत असेल.”

शेवटी तडजोड झाली. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी होडीला आणि कूलरच्या तळाशी उरतं तेही होडीला. होडीच्या पोटात बोऱ्या आणि जुन्या रजया अंथरून त्या ओल्या ठेवायच्या. वरून पांढरी चादर, म्हणजे ऊन लागायला नको. अंगणात खशीचा म्हणजे वाळ्याचा, ओल्या तागाचा आणि किंचित तांदळाच्या पेजेचा वास कोंदला. भिंतीवरून डोकावून शेजारचे म्हणाले, “भाईसाहब, नाव में पानी भर रहे हैं? लोग तो निकालते हैं.” चादर घातलेल्या होडीला सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालताना लांबून काय दिसत असेल याची मला कल्पना आहे. एका म्हातारीनं जाता जाता हात जोडले.

दहा-बारा दिवसांनी नाणं फटीत जाईना. मग पोस्टकार्ड जाईना. मिस्त्री येऊन जोडावरून अंगठा फिरवायचा आणि दर वेळी “अरे बाप रे” म्हणायचा. जन्मभर त्यानं फुगलेल्या दारांना रंधे मारले होते. लाकूड फुगलं म्हणून आनंद झालेली माणसं त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

याच दिवसांत हार्मोनियमवाल्यांना ‘कौंडिण्य’चं वेड लागलं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून बांधलेलं ते शिडाचं जहाज 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत, त्यांना खिळा नाही. “शिवायचं! भाता शिवतो तसं!” ते दर रविवारी सांगत आणि आमच्या खिळ्यांकडे जरा कीव आल्यासारखं बघत. पुढची होडी शिवून करू म्हणतात. पुढची होडी हा शब्द घरात उच्चारायचा नाही असं मी त्यांना बजावलंय.

पावसाळा सरल्यावर मोरारच्या पलीकडे मित्राच्या भावाच्या शेततळ्यात होडी उतरवली. हिच्या हुकुमानं सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. नारळ फोडला. होडी पाण्यात गेली आणि आम्ही ज्या जोडांवर जीव टाकला होता ते सोडून भलत्याच तीन ठिकाणांहून पाणी आत आलं. डॉक्टर स्टीलच्या डब्यानं उपसायला लागले. तात्यांना फोन लावला. म्हणाले, “उपसू नका. बांधून ठेवा, आत दगड घाला, बुडू द्या रात्रभर.”

वर्षभर खपून केलेली होडी स्वतःच्या हातानं बुडवायला मन होत नाही. दगड मिस्त्रीनंच ठेवले, एकेक, आवाज न करता. संध्याकाळी पाण्याबाहेर नुसती नाळ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी उपसली. दुपारपर्यंत तळाशी ओल होती, धार नव्हती. मी आणि मिस्त्री दोघं बसलो. त्यानं आयुष्यात वल्हं धरलं नव्हतं, मीही नव्हतं, त्यामुळे होडी बराच वेळ एका जागी गोल फिरली. काठावरून तिघं ओरडून सूचना देत होते. तळ्याच्या मधोमध वल्ही आत घेतली तेव्हा खालून फळ्यांवर पाणी लागल्याचा बारीक आवाज येत होता, मडक्यात पाणी ओततो तसला. मिस्त्री वाकून ऐकत होता.

तळं फेब्रुवारीत आटायला लागलं. होडी परत अंगणात आली आहे, बोऱ्या घातल्या आहेत. आज पहाटे पाचला ही हलवून उठवत होती.

“नळ आलाय. आधी हंडे भरा, मग तुमची ती.”