कॅरीबॅगांचं सूत आणि मुका खांब

न्यू जर्सीत ४ मे २०२२ पासून दुकानांत प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या. अडीच हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत तर कागदीही मिळत नाहीत. पिशवी विसरलात तर विकत घ्या, नाहीतर दूध-ब्रेड छातीशी धरून गाडी गाठा. आपल्याकडे २०१८ सालीच बंदी आली होती. भाजीवाल्याकडे ती किती टिकली ते तुम्हीच सांगा. इथे मात्र पाळतात.

पण आधीच्या कॅरीबॅगांचं काय? इथल्या मराठी घरांत त्या सिंकखालच्या कपाटात एकात एक कोंबून अजून बसल्या आहेत. टाकवत नाहीत ना!

आमच्या वाचनालयात क्रोशा विणणाऱ्या बायका जमतात. त्यांच्याकडे मी या पिशव्यांचं सूत, म्हणजे 'प्लार्न', करायला शिकले. पिशवी सपाट करून उभी घडी घालायची, वरचे बंद आणि तळ कापून टाकायचा, मग दोन-दोन बोटांच्या आडव्या पट्ट्या. उलगडली की प्रत्येक पट्टीचं एक कडं होतं. एका कड्यातून दुसरं ओवत गेलं की दोरा तयार, पण गाठ हलक्या हाताने ओढायची, नाहीतर तुटलाच. या दोऱ्याची बाजारची पिशवी विणायची तर सुई जाड घ्यायची आणि सगळं मुक्या खांबात, म्हणजे क्रोशाच्या आखूड, घट्ट टाक्यात विणायचं. उंच खांब घातले तर जाळी मोठी पडते आणि लिंबं खाली. बटाटे भरले की ही पिशवी लोंबते, म्हणून बंद वरच्या काठाला न जोडता थेट तळापासून विणत आणलेले बरे. अशा एका पिशवीला तीस-चाळीस कॅरीबॅगा सहज लागतात. याच बायका बेघरांसाठी चटयाही विणतात, एका चटईला पाचसातशे. जमिनीची ओल वर येत नाही.

हौस म्हणून हे झकास आहे, पण खरी डोकेदुखी आता वेगळीच. किराणा घरपोच मागवला की दर वेळी नव्या, जाड, शिवलेल्या बंदांच्या पिशव्यांतून येतो. कायद्याच्या लेखी त्या 'पुन्हा वापरायच्या', म्हणून चालतात. कापडासारख्या दिसल्या तरी त्याही बहुतेक प्लास्टिकच्याच, आणि त्यांचं सूतही निघत नाही. लोकांची तळघरं भरली आहेत. गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या काही केंद्रांत त्या घेतात. मात्र पुसून, घड्या घालून न्या, आणि आधी फोन करा, कारण त्यांच्याकडेही ढीग लागलेले असतात.